पर्यायी मजकूर

तपासणीला आठ दिवस उरले होते.
विद्यापीठाचं पत्र टेबलावर, पेपरवेटखाली:
आपला डिजिटल संग्रह सर्वांना वापरता येतो काय,
तसे प्रमाणपत्र सोबत जोडावे.

मी संग्रहाचा पत्ता एका तपासयंत्राला दिला.
लाल. सगळंच लाल.
एक हजार दोनशे बारा चित्रांना पर्यायी मजकूर नाही.

मग एका रात्रीत मी सगळ्यांना मजकूर दिला,
एकाच आज्ञेत, एकच शब्द: फोटो.
अख्ख्या महिन्याची हजेरी
एका बैठकीत, एका पेनानं भरतात तसा.
यंत्र हिरवं झालं. शंभर टक्के.
मी चहा मागवला.

मंगळवारी साकोलीच्या एसटीनं वनमाला दिघोरे आली.
काठी घडी करून पिशवीत ठेवली,
हेडफोन लावला,
म्हणाली, बाबाची वही पाह्यची हाये.

पाह्यची, म्हणाली ती.

फागू दिघोरे, ढिवर, बांधाच्या खालच्या टोलीतला,
चौथी शिकलेला.
तलावातले मासे, पाण्याखालचं गवत,
जाळ्याच्या गाठी, कोणत्या महिन्यात कुठं हात घालू नये,
सगळं एका लाल हिशेबवहीत लिहून गेलेला.
वही आम्हीच मागून आणली, स्कॅन केली, परत केली.
परत केलेली वही दोन वर्षांत वाळवीनं खाल्ली.
आता ती फक्त आमच्याकडे होती,
म्हणजे कुणाकडेच नव्हती,
हे मला त्या मंगळवारी कळायचं होतं.

तिनं टॅब दाबायला घेतला.
मी मोजत होतो.
बोधचिन्ह. कुलगुरूंचा संदेश. दुवा. दुवा.
बटण. कसलं, ते बटणालाही ठाऊक नसावं.
एकेचाळिसाव्या वेळी शोधाचा रकाना.
पुढे तारखेचं कॅलेंडर उघडलं
आणि ती त्यातच फिरत राहिली,
सोमवार मंगळवार बुधवार, परत सोमवार.
हसली.
"सर, इथं आत जाता येते, निंगता येत नाही."

मी माउसनं बाहेर काढलं.
लाज वाटली, पण माउसनंच काढलं.

वही उघडली. पान पहिलं.
यंत्रातली बाई परक्या हेलात म्हणाली: फोटो.
पान दुसरं: फोटो.
पान तिसरं.
वनमालानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
"बाबाच्या वहीत एकबी फोटो नव्हता जी."

पंखा फिरत होता. शिपाई चाव्या घेऊन दारात उभा होता.
मी खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून टाइप करू लागलो,
तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचत.
फागूचा ‘ळ’ कुठंच नव्हता, सगळीकडे ‘र’.
शुद्ध करू का, विचारलं.
ती काही बोलली नाही. मीच समजलो.

नवव्या पानावर पेन्सिलीनं काढलेला एक सापळा,
बांबूच्या कामट्यांचा, तोंड रुंद, शेपूट निमुळतं.
मासा आत शिरतो तेव्हा कामट्या वाकतात,
परत फिरला की टोचतात.
खाली त्याचं नाव, पाणी पडून विरघळलेलं.
मी डोळे बारीक केले, पान मोठं केलं, उजेड वाढवला.
नाही लागलं.

"कसा हाये, सांगा," ती म्हणाली.
मी सांगितला. तोंड, शेपूट, कामट्या.
तिचे दोन्ही हात हवेत उघडले, मिटले,
आणि तिनं नाव सांगितलं.
कोशात नाही तो शब्द. मी पाहिलं नंतर.
तिच्याकडून दोनदा वदवून घेतला, तसाच लिहिला.

शेवटची एसटी साडेपाचला. गेली ती.
रात्री पुन्हा तपासयंत्र लावलं.
शंभर टक्के. कालही शंभरच होते.
नऊ पानं आणि बाकी सगळे फोटो, त्याला सारखेच हिरवे.

प्रमाणपत्राच्या शेवटच्या ओळीवर,
जिथं ‘पूर्तता’ लिहायची असते,
मी लिहिलं: नऊ.
बाकी एक हजार दोनशे तीन.
कॅलेंडरमधून बाहेर पडता येत नाही.